काकांची रताळी

आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात इलाइट चौराह्यावर ठेलेवाला निखाऱ्यांवर शकरकंद, म्हणजे आपली रताळी, भाजू लागला, की त्या गोड, करपट वासाने मला खंडेराव गेटजवळची काकांची बाग आठवते आणि मी भर रस्त्यात हसतो.

काकूंचं माहेर बरुआसागरचं, शेतीवाडीचं. तरी काका चारचौघांत म्हणायचे, "हिला मातीतलं काय कळतं?" त्या वर्षी त्यांनी रताळी लावली. काकूंकडून रोज घमेलंभर शेणखत घालून घेतलं आणि महाशिवरात्रीला सगळ्या मराठी घरांना फराळाचं आमंत्रण दिलं. रताळी सगळ्यांसमोर खणायची होती.

उपाशी मंडळी जमली. वेल हिरवेगार, गुडघाभर दाट. काकांनी कुदळ मारली आणि हाती आली करंगळीएवढी मुळं.

"पत्ते तो शानदार हैं, भाईसाहब," कुंपणापलीकडून हिंदी शेजारी म्हणाले.

तेवढ्यात काकू उकडलेल्या रताळ्यांचं पातेलं घेऊन आल्या. "मंडईतून आणलीत. खत जास्त झालं की नुसता पाला माजतो."

"मग आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही विचारलंत कुठे?" असं म्हणत त्यांनी पहिलं रताळं काकांनाच वाढलं.

सगळे हसले, सर्वांत जास्त मी. आता स्वतः संसार केल्यावर कळतं, की त्या एका सकाळसाठी काकूंनी सबंध हिवाळाभर किती आनंदाने शेण वाहिलं असेल.