बाईंच्या हातचं अळणी

मीठ सोडल्याशिवाय मीठ काय असतं ते कळत नाही, असं लोक म्हणतात. मला कळलं ते एवढंच, की आपण किती चिडके आहोत. सत्तरच्या दशकातली गोष्ट. नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डावर, परगावचे कॉल जोडून द्यायला, मी नुकती लागले होते. सकाळी उठले की डोळे सुजून बारीक झालेले असायचे, संध्याकाळी चपलेचा पट्टा पायात रुतायचा. डॉक्टरांनी मूत्रपिंडाचं दुखणं सांगितलं आणि मीठ बंद केलं. डाळी बंद, लोणचं-पापड बंद, बेकरीचं बंद. मग खायचं काय, असं विचारलं तर म्हणाले, "भात, दुधी, दोडका. काही दिवसांनी जीभ वळणावर येते."

हे डॉक्टर बाबांचे वर्गमित्र, तीच पंचाईत. बाबा सावनेरला कापसाच्या व्यापारात. मुलीनं शहरात एकटीनं राहून नोकरी करणं त्यांना मुळातच रुचलेलं नव्हतं. त्यांनी डॉक्टरांना सांगूनच ठेवलं होतं, सूज उतरली नाही तर कळव, मी येऊन पोरीला घेऊन जातो. माझी नोकरी अजून पक्की व्हायची होती. एकदा घरी गेले की परत कोण पाठवतंय? स्थळं पाहणं सुरूच झालं असतं. मला काही केल्या सावनेरला जायचं नव्हतं, आणि ते सगळं आता माझ्या पायांच्या सुजेवर येऊन ठेपलं होतं.

वसतिगृहातला स्वयंपाकी माझ्यासाठी वेगळं भांडं चढवायला तयार नव्हता. सकाळ-संध्याकाळ मी दूधभातावर काढायची आणि दुपारचं ऑफिसात रांधायची. एक्स्चेंजच्या मागच्या खोलीत चहासाठी वातीचा स्टोव्ह होता. पिशवीत दुधी, मूठभर तांदूळ आणि लिंबू घेऊन मी ड्यूटीवर यायचे. सुट्टी झाली की धावत जाऊन स्टोव्हवर गंज, म्हणजे पातेलं, चढवायचा आणि अर्धंकच्चं गिळून परत हेडफोन चढवायचा. शेजारणींच्या डब्यांत तर्री तरंगणारी वांग्याची भाजी, पातोडी, ठेचा. माझ्यापुढे पांढराफटक दुधी. एके दिवशी घास तोंडात असताना मला रडूच कोसळलं.

आमच्या सुपरवायझर बाईंनी ते पाहिलं. बाई मूळच्या उमरेडच्या, विधवा, एक्स्चेंजमधल्या सगळ्यांत जुन्या. लाइनवर असल्या की हिंदी अशी सफाईदार, की पलीकडच्याला वाटावं लखनौची बाई बोलतेय. हेडफोन काढला की थेट उमरेड.

"काहून वं, जेवता जेवता रडून राहिली?"

"बाई, हे घशाखाली उतरत नाही."

"उद्यापासून तुही भाजी माह्याकडे."

आम्हाला बोर्डावरून उठता येत नसे, त्यांना येई. माझी सुट्टी व्हायच्या आत त्या मागे जाऊन भाजी टाकत. जिऱ्याची फोडणी, वरून लिंबू, कोथिंबीर. आणि काय सांगू, आठवडा गेला नाही तोच मला तो दुधी चक्क आवडायला लागला. दोडका तर मी पातेलं पुसून खाल्ला. डॉक्टरांचं खरं झालं, माझी जीभ वळणावर आली, असं मी वसतिगृहात सगळ्यांना सांगत सुटले.

सूज मात्र हटेना. बाई रोज जेवणाआधी माझा पाय स्टुलावर ठेवायला लावत, घोट्याच्या वर अंगठा दाबून धरत आणि उचलत. तिथं खड्डा पडायचा आणि तसाच राहायचा. बाईंचं तोंड उतरायचं.

डॉक्टर तर भडकलेच. "तू मीठ खातेस."

"नाही खात."

"मग पाय खोटं बोलतात का? पुढच्या वेळी असंच दिसलं तर तुझ्या बाबांना ट्रंक कॉल लावणार."

तोही बहुधा माझ्याच बोर्डावरून जाणार होता. माझी झोप उडाली. मी दूधवाल्यावर संशय घेतला, विहिरीच्या पाण्यावर घेतला, दंतमंजन बदललं, हातासरशी लिंबूही सोडलं.

आणि मग एकादशी आली. जबलपूरची लाइन बंद पडली म्हणून मी जरा लवकर उठले आणि मागच्या खोलीत गेले. बाईंची उपासाची भगर शिजत होती, बाजूला माझा दुधी. बाईंनी फळीवरची पितळी डबी उघडली, चिमूटभर भगरीत टाकलं आणि त्याच हातानं चिमूटभर दुधीत.

"बाई, हे काय?"

"शेंदेलोण."

"माझ्या भाजीत?"

"मंग? उपासाले चालते ना वं. ते काय मीठ आहे?" आणि वर हसून म्हणाल्या, "तुले काय वाटलं, तुह्या तोंडाले चव कुठून आली?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. मी किती बोलले त्यांना. माझी नोकरी घालवायला निघालात, मला सावनेरच्या बसमध्ये बसवूनच दम घ्याल, असं वाटेल ते बोलले. बाई स्टोव्ह बंद करून खाली बसल्या. हळूच म्हणाल्या, "देवाले चालते ते डॉक्टरले काहून नाही चालत?" आमच्या घरीही आई उपासाला हेच सैंधव घालायची, आणि त्याला मीठ कुणीच म्हणत नसे.

त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर बाई उपाशीच माझ्याबरोबर दवाखान्यात आल्या. डॉक्टरांच्या पायरीला जन्मात न शिवलेली बाई. डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "पोरगी खोटी नाही. ते म्याच घातलं. हिच्या बापाले फोन नका लावू." डॉक्टरांनी सगळं ऐकलं, कपाळाला हात लावला आणि मला महिनाभराची मुदत दिली.

दुसऱ्या दिवसापासून फळीवर डबी नव्हती. बाईंनी स्वतःचा डबा आणणंही बंद केलं. दोघींची भाजी एकाच गंजात, अळणी. "माह्याच तोंडात जाईन तं हात आवरंन," म्हणाल्या. खाताना तोंड असं वेडंवाकडं करायच्या की मला हसू आवरायचं नाही. उपासाची भगरसुद्धा त्यांनी तशीच खाल्ली. सूज हळूहळू उतरत गेली. एका दुपारी त्यांनी अंगठा दाबला, उचलला, आणि खड्डा पडलाच नाही. त्यांनी दुसऱ्या पायावरही दाबून पाहिलं. मग डोळे पुसले आणि मला बोर्डावर पिटाळलं. पुढे माझी नोकरी पक्की झाली. सावनेरला मी गेले ती सणावारालाच.

बाई निवृत्त होऊन उमरेडला लेकाकडे गेल्या. काही वर्षांनी कळलं, त्यांचं हृदय थकलंय, मीठ बंद झालंय आणि त्या जेवतच नाहीत. मी दुधीची अळणी भाजी केली, जिऱ्याची फोडणी दिली, वरून लिंबू पिळलं, आणि बस धरली. बाई खाटेवर होत्या. सून दारातच म्हणाली, दोन घासांवर ताट सारतात. मी त्यांच्या पायाशी बसून घोट्याच्या वर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मी दुसरीकडे पाहिलं आणि डबा उघडला.

एक घास खाऊन त्या थांबल्या. सून आत गेलीय याची खात्री करून हळूच म्हणाल्या, "शेंदेलोण घातलं का वं?"

मी म्हटलं, "घातलं, बाई. चिमूटभर."

"तरीच," त्या म्हणाल्या, आणि ताट पुढे करून आणखी वाढून घेतलं.