रडार दोघांचं

सैन्यात बावीस वर्षं मी रडारच्या पडद्यासमोर काढली. शत्रूचं क्षेपणास्त्र येताना दिसलं की ते हवेतच पाडायचं, एवढंच आमचं काम. एकही आलं नाही, हे नशीब. निवृत्तीनंतर टीव्हीवर बड्या वैरी देशांच्या शस्त्रकपातीच्या बोलण्यांची बातमी लागली, की मालेगावच्या चहाच्या टपरीवर मी सुरू व्हायचो. एकाने ढाल उभारली की दुसऱ्याला वाटतं, आता हा बिनधास्त वार करणार. मग तो आणखी क्षेपणास्त्रं बनवतो. त्यापेक्षा रडार दोघांचं मिळून एकच, खबर दोघांना! लोक माना डोलवायचे. फुकटचं शहाणपण ऐकायला काय जातं?

घरी मात्र सख्ख्या मोठ्या भावाशी धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, सहा वर्षं अबोला. मेडशी गावाला आमची वावरं लागून आहेत. रानडुकरांसाठी मी झटका मशीन बसवलं, तारेतून हलका झटका देणारं. माझ्याकडून उधळलेला कळप थेट त्याच्या सोयाबीनमध्ये शिरला. पुढच्याच आठवड्यात त्याने माझ्याहून मोठं मशीन आणलं.

शेवटी लाज सोडून मी त्याच्या दारात गेलो. दोन्ही वावरांभोवती मिळून एकच तार आणि एकच मशीन, असं सुचवलं. खरं सांगतो, डुकरं गेली खड्ड्यात. मला माझा भाऊ हवा होता.

"मशीन कोनाच्या वावरात राहीन?" त्याने विचारलं.

"तुयाच, दादा. बटनबी तुयाच हाती."

त्याने वहिनीला चहा ठेवायला सांगितलं. दोन दिवस आम्ही मिळून खांब ठोकले. माझ्या डब्यातली भाजी त्याने मागून घेतली, तेव्हा मला भरून आलं.

माझं जुनं मशीन विकलं, असं मी त्याला सांगितलं होतं. ते माझ्या गुरांच्या कोठ्यात गोणपाटाखाली होतं, बॅटरी चार्ज करून. उद्या त्याने बटण बंद केलं तर? समोरच्याच्या शब्दावर नाही, ताकदीवर नजर ठेवायची, हेच मी शिकलो होतो.

आठव्या दिवशी तो पहार न्यायला कोठ्यात शिरला. मी पोचलो तेव्हा गोणपाट त्याच्या हातात होतं.

"तुले भरोसा नव्हता, तं माया दारात आला कायले?"

संध्याकाळपर्यंत त्याने धुऱ्यावरून नवी तार ओढली.

बायको म्हणते, राग विसरून येतील दादा चार दिवसांनी. नाही येणार. एकाच आईची लेकरं आम्ही. त्याच्या जागी मी असतो, तर मीही आलो नसतो.