शनिवारचं उघडं बॉनेट

गाडीच्या आत येणारी हवा गाळणारा फिल्टर डॅशबोर्डमधल्या कप्प्यामागे असतो. कप्पा रिकामा करायचा, दोन्ही बाजूंनी दाबून खाली सोडायचा, मागचं झाकण काढायचं, जुना फिल्टर ओढून नवा सरकवायचा. बॉनेटला हातसुद्धा लावावा लागत नाही. नवरा सोडून गेल्यापासून माझ्या गाडीचं सगळं मीच करते, त्यामुळे हे मला पक्कं ठाऊक आहे.

समोर राहणाऱ्या व्हर्लिन स्ट्राउडलाही ते ठाऊक होतंच. तरी दर शनिवारी सकाळी तो आपली जुनी बुइक गॅरेजबाहेर काढायचा, आधी बॉनेट वर करायचा आणि मग पुढच्या सीटवर वाकडातिकडा होऊन तो फिल्टर काढायचा. कट्ट्यावर आपटायचा, उन्हात धरून बघायचा, पुन्हा बसवायचा. जूनमध्ये कॉटनवूडच्या झाडांचा कापूस उडतो, ऑक्टोबरमध्ये मक्याच्या कापणीचा भुसा. निमित्ताला तोटा नव्हता. पण दर आठवड्याला फिल्टर तुंबेल इतकी धूळ आमच्या शेतीवाल्या आयोवातसुद्धा नाही.

आमच्या गल्लीत फोन केल्याशिवाय कुणी कुणाची घंटा वाजवत नाही. माणसं वाईट नाहीत. तुम्ही आजारी पडलात तर दाराशी गरम जेवणाचं भांडं ठेवून जातील, पण नुसतं ठेवून जातील, घंटा वाजवणार नाहीत. उघडं बॉनेट दिसलं की मात्र कुणाही पुरुषाचे पाय आपोआप वळतात. टपालवाला थांबायचा, कुत्रा फिरवणारा गेलन थांबायचा.

"काय रे, अजून ऑपरेशन चालूच का? पेशंट जगेल ना?" गेलन विचारायचा.

"पेशंट ठणठणीत आहे. डॉक्टरचंच काही खरं नाही," व्हर्लिन म्हणायचा.

मग हवा, मक्याचा भाव, कुणाचा गुडघा, अशा गप्पा व्हायच्या. व्हर्लिनने सगळा जन्म धान्याच्या कोठारावर काढला. तिथे कापणीच्या दिवसांत ट्रकची रांग लागायची आणि प्रत्येक ट्रकवाल्याशी दोन शब्द व्हायचे. आता बायको आर्लीन राहिली नव्हती, मुलगा दूर फिनिक्सला. सोमवार ते शुक्रवार त्याच्या घरातून फक्त टीव्हीचा आवाज यायचा. शनिवारच्या त्या चार गप्पांवर हा माणूस आठवडा ढकलत होता, आणि हे गल्लीत कुणाच्या लक्षात येऊ नये याचा मला फार राग यायचा.

यंदा कापणी सुरू झाली तेव्हा डेरिक व्हर्लिनच्या शेजारी राहायला आला. पवनचक्क्या दुरुस्त करणारा, उत्साही पोरगा. पहिल्याच शनिवारी धावत आला.

"अहो मिस्टर स्ट्राउड, काय बिघडलंय?"

"विशेष काही नाही रे बाबा. हवेचा फिल्टर."

"मग बॉनेट कशाला उघडलंत? तो आतून निघतो. थांबा, तुम्ही नका वाकू. माझ्याकडे भारीतला आहे, अगदी तुमच्या गाडीत बसणारा."

व्हर्लिन नको नको म्हणेपर्यंत त्याने नवा फिल्टर बसवलासुद्धा. त्याच्यावरचा हवेच्या दिशेचा बाण नीट बघून बसवला, कप्पा लावला, आणि जाता जाता बॉनेटही दाणकन बंद केलं.

"आता वर्षभर बघू नका," तो म्हणाला. "मजेत घरात बसा."

"उपकार झाले," व्हर्लिन म्हणाला. पोरगा खूश होऊन गेला. त्याला बोल लावण्यासारखं काही नव्हतंच. व्हर्लिन बराच वेळ गाडीशेजारी उभा होता.

पुढच्या शनिवारी बॉनेट पुन्हा वर दिसलं. मला बरं वाटलं. गेलन थांबला, पण तेवढ्यात डेरिकही आला आणि कळवळून म्हणाला, "अहो, आत्ताच तर बदलला ना आपण? विसरलात का?" गेलनने व्हर्लिनकडे एकदा बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. म्हातारा विसरायला लागला, असंच त्याला वाटलं असणार. व्हर्लिन कानापर्यंत लाल झाला. "हो, विसरलोच की," म्हणाला आणि गाडी आत घेतली.

त्यानंतर गॅरेजचं दार शनिवारी उघडलं नाही. बर्फ पडायला लागला. गेलन त्याच्या घरावरून जाताना जरा रेंगाळायचा, इकडेतिकडे बघायचा आणि पुढे जायचा. एका शनिवारी मला ते बघवेना. मी बूट चढवले, रस्ता ओलांडला आणि फोन न करता त्याची घंटा वाजवली.

दार एकदम उघडलं. व्हर्लिनचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

आर्लीनचा हायवेवर अपघात झाला, तेव्हा शेरीफचा पोलीस असाच न कळवता दारात येऊन उभा राहिला होता. त्यानंतर ती घंटा कुणी वाजवलीच नसावी.

"कुणी नाही गेलं रे. मी आलेय," मी म्हटलं.

"काय काम होतं?"

शिडी मागायची असं मी ठरवून आले होते. पण त्याच्याकडे बघून ते खोटं तोंडातून निघेना.

"काम काही नाही, व्हर्लिन. घरी एकटीला करमत नाही. खूप वर्षं झाली, करमतच नाही."

आत कुठेतरी टीव्हीवर कुणी मोठमोठ्याने हसत होतं.

"किती वेळ बसशील?" त्याने विचारलं.

मला वाटलं, घालवतोय. पण त्याने स्वयंपाकघराकडे मान वळवली होती. एका कपापुरतीच कॉफी टाकायची सवय झालेला माणूस किती कप टाकायचे याचा हिशेब करत होता.

"भांडं भरून कर," मी म्हटलं आणि दारातच बूट काढायला बसले.