साडेतीन सेंटीमीटरचं भिंग

“बायका-मुलं नकोत,” पाटणकर म्हणाले. “तीस ते चाळीसचे पुरुष. लाकूडतोडीवरचे असले तर उत्तम. तोंड स्पष्ट यायला पाहिजे. आणि त्यांना पत्ता लागता कामा नये.”

मी तेव्हा बेळगावच्या एका स्टुडिओत फोटोग्राफर होतो. हे पाटणकर हुबळीचे कापडाचे व्यापारी. जत्रेतल्या लोकजीवनाचा अल्बम करायचाय, म्हणून उळवीच्या जत्रेचे फोटो हवेत, असं त्यांनी सांगितलं. कॅमेरा लहान पाहिजे, कोटाच्या आत मावणारा. कुठला घ्यायचा ते मी ठरवून मुंबईहून मागवावा, पैसे ते देतील, आणि काम झालं की कॅमेरा स्टुडिओलाच ठेवावा.

इथंच माझं डोकं फिरलं. मी जात्याच संशयी. दुधात एखाद्या दिवशी पाणी नसलं तर गवळ्याच्या मनात काय आहे, याचा मी दिवसभर विचार करणार. आणि हा माणूस कॅमेरा ठेवून घ्या म्हणतो!

आधी कॅमेऱ्याचं सांगतो. स्टुडिओत आमचा मोठा स्टँडचा कॅमेरा होता. तिवई, काळं फडकं, काचेच्या प्लेटा. तो रस्त्यात मांडला की गाव गोळा होतं आणि प्रत्येक जण छाती फुगवून ताठ उभा राहतो. दुसरा पर्याय घडीच्या पॉकेट कॅमेऱ्याचा. तो खिशात मावतो, पण दर वेळी उघडा, भाता ओढा, अंतर अंदाजाने लावा. तोवर समोरचा माणूस पान खाऊन निघून जातो. तिसरा पर्याय नवा होता. सिनेमाच्या फिल्मवर चालणारा जर्मन कॅमेरा, मुठीएवढा. एका गुंडाळीत छत्तीस फोटो, आणि त्याची भिंगं बदलता येत. मी तोच सांगितला. त्याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. सगळा घोळ भिंगाचा.

भिंगं तीन मिळत. साडेतीन सेंटीमीटरचं, पाचचं आणि नऊचं. आखूड भिंगात पसारा पुष्कळ मावतो. देऊळ, गाड्या, बैल, दुकानं, सगळं एका फोटोत. पण माणसं त्यात बोटभर होतात. लांब भिंगाचं उलट. ते पंधरा हातांवरच्या माणसाचं तोंड ओढून जवळ आणतं आणि आजूबाजूचं सोडून देतं. ज्याला लोकजीवनाचा अल्बम करायचाय तो आखूड भिंग मागेल. पाटणकर माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “नऊचं मागवा. आणि प्रत्येक फोटोचा नंबर लिहून पुढे गावाचं नाव लिहा. जमलं तर माणसाचंही.”

ते गेल्यावर मी मालकांकडे गेलो. आमचे मालक अप्पासाहेब, रीटचिंगच्या टेबलावर वाकून कुणाच्या तरी नवरीच्या गालावरचे देवीचे व्रण पुसत होते.

“अप्पासाहेब, हा माणूस सी. आय. डी.चा आहे.”

“कशावरून?”

“अल्बम करणाऱ्याला गावांची नावं कशाला?”

“तुला काय करायचंय? आपण फोटो काढतो. चौकशा करत नाही.”

“मग चळवळीतली माणसं पकडून देण्याचं पाप आपल्या माथी.”

“परशराम,” त्यांनी ब्रश खाली ठेवला, “गिऱ्हाईक सांगेल तसं काम करायचं. नाहीतर स्टुडिओ बंद करून भजी तळू.”

माझ्या संशयाला तेव्हा कारण होतं. चळवळीचे दिवस होते. मिठाचा कायदा मोडून झाला होता. कारवार जिल्ह्यात लोक सारा भरत नव्हते, राखीव जंगलात घुसून झाडं तोडत होते. वॉरंट निघालं की माणूस सुप्याच्या बाजूला, म्हणजे आज ज्याला जोयडा तालुका म्हणतात तिकडे, उळवीच्या आसपासच्या जंगलात शिरायचा. तिथं लाकूडतोडीच्या टोळ्यांत कोण कुठला, हे कोणी विचारत नसे. पोलिसांकडे त्यांची नावं असत. चेहरे नसत. आणि चेहरे पुरवण्याचं काम माझ्याकडे आलं होतं, अशी माझी खात्री झाली.

मुंबईच्या दुकानाला ऑर्डरचं पत्र मीच लिहिणार होतो. मी नऊच्या जागी साडेतीन लिहिलं. पाटणकरांना कळवलं, नऊचं शिल्लक नाही, आलं ते उत्तम आहे. उभ्या आयुष्यात गिऱ्हाइकाशी धंद्यात केलेली ही माझी पहिली लबाडी. आपण मोठं देशकार्य केलं अशा तोऱ्यात मी त्या रात्री दोन घास जास्त जेवलो.

माघात बेळगावच्या भाविकांच्या बैलगाड्या उळवीला निघाल्या, त्यातल्या एकीत मी बसलो. कुळगीपासून पुढे जंगल इतकं दाट की भर दुपारी फोटोला उजेड पुरेना. उळवीत पोहोचलो तर गाड्याच गाड्या. मराठी आणि कानडी अशी एकमेकांत मिसळलेली की एकाच वाक्यात दोन्ही ऐकू येत.

पहिल्याच दिवशी समजलं की या लहान कॅमेऱ्याची लोकांना मोठ्यापेक्षा जास्त धास्ती. कंद विकणारी एक कुणबी बाई होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला तशी तिने टोपली पदराने झाकली.

“काय बगतंस त्यातनं?”

“फोटो काढतोय, अक्का.”

“फोटो? मग काळं फडकं कुठं हाय? गेल्या साली फोटोवाला आल्ता, फडक्यात डोस्कं घालून हुबा ऱ्हायला हुता. आमी बी हुबं ऱ्हायलो. तू फारेस्टचा हायस.”

“न्हाई, अक्का.”

“व्हय, तू फारेस्टचाच. कुठनं खणलं म्हणून इचारशील आता.”

तिचं चूक नव्हतं. काळ्या फडक्याचा माणूस काय करतोय ते सगळ्यांना दिसतं. मुठीत यंत्र लपवून फिरणारा कोणाचा तरी हेर असणारच. मी स्वतः पाटणकरांबद्दल हेच म्हणत होतो आणि ही बाई माझ्याबद्दल. मला हसू आलं आणि थोडं लागलंही.

तरी मी दोन गुंडाळ्या काढल्या. भिंगाचं तोंड बारीक करून ठेवायचं, म्हणजे चार हातांपासून लांबपर्यंत सगळं स्वच्छ येतं, अंतर लावत बसावं लागत नाही. रस्त्यावरच्या फोटोला याहून सोयीचं काही नाही. फोटो सुरेख येणार हे मला माहीत होतं. सगळे लांबून घेतले होते, म्हणून त्यात एकही चेहरा ओळखू येणार नाही हेही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाकूडतोडीची एक टोळी दिसली. त्यातला एक जण बैलांना पेंढा घालत होता. पस्तिशीचा, उंच, दाढी वाढलेली. मी लांबून फोटो घेतला. त्याने ते पाहिलं, पण रागावला नाही. हसला, आणि हात पुसत जवळ आला.

“लई बारकी पेटी हाय की. बगू?”

मी कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्याने तो फार जपून धरला. डोळा लावून बैल पाहिले. एवढा सरळ माणूस दिसला आणि मला राहवलं नाही.

“हे बघा,” मी हळूच म्हटलं, “तुम्ही कोण, कुठले, मला सांगू नका. पण तुमच्यासारख्यांचे फोटो काढायला मला पाठवलंय. तोंडं पाहिजेत त्यांना, आणि गावांची नावं. सांभाळून राहा.”

“कुणी पाठवलंय?”

“हुबळीचे पाटणकर म्हणून कोणी आहेत.”

त्याचं हसू गेलं. त्याने कॅमेरा माझ्या हातात परत ठेवला. “त्ये हितं आल्यात?”

“नाही. मी एकटाच आहे.”

तो वळून बैलांकडे गेला. दुपारी मी त्या बाजूला गेलो तर टोळी जागेवर होती, तो नव्हता. बायकोला आणि सामान घेऊन गाडी जुंपून गेला, असं त्यांच्यातल्या एकाने सांगितलं. कुठं, ते कोणालाच ठाऊक नव्हतं. मी मनात म्हटलं, परशराम, तुझा संशय खरा निघाला, एक माणूस वाचवलास.

आठवड्याने पाटणकर फोटो बघायला आले. आता आरडाओरडा होणार म्हणून मी तयारीत होतो. ते ओरडले नाहीत. टेबलाशी बसले, खिशातून वाचायचं भिंग काढलं आणि एकेक फोटो पाहू लागले. बहात्तर फोटो. तासभर तरी लागला असेल. बैलांच्या फोटोपाशी ते थांबले.

“हा मोठा करून मिळेल?”

मी डार्करूममध्ये जाऊन जेवढा मोठा होईल तेवढा केला. लहान फिल्मवरचा मोहरीएवढा चेहरा मोठा केला की त्याचा रवा होतो. डोळे, नाक, दाढी, सगळ्याचे नुसते दाणे. पाटणकरांनी तो कागद उजेडाकडे धरला.

“उभं राहायची ढब त्याचीच आहे,” ते म्हणाले. “पण मला सांगता येत नाही.”

“कोणाची?”

“माझ्या धाकट्या भावाची.” त्यांनी दार बंद आहे ना ते पाहिलं. “दहा वर्षांपूर्वी एका लाकूडतोड्याच्या मुलीबरोबर गेला. वडिलांनी गावात सांगितलं, कॉलऱ्याने वारला. आम्ही दरसाल त्याचं श्राद्ध घालतो. एकदा वडिलांनी त्याला ओढून आणायला माणसं पाठवली होती. तेव्हापासून आमचं नाव कानावर आलं की तो जागा बदलतो. आता वडील गेलेत. त्याला ते माहीत नाही. आई अंथरुणाला खिळलीय. तिला एकदा त्याचं तोंड बघायचंय. गाव कळलं असतं तर मी तिची चिठ्ठी घेऊन गुपचूप गेलो असतो.”

मी खुर्चीवर बसलो. मग सगळं सांगून टाकलं. नऊच्या जागी साडेतीन लिहिलं ते, आणि बैलांपाशी काय बोललो तेही. पाटणकरांनी मला एक शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, “म्हणजे तुम्ही त्याला जवळून पाहिलंय. चला हुबळीला.”

मी गेलो. म्हातारी माजघरात बाजेवर पडून होती. मोठा केलेला फोटो पाटणकरांनी तिच्या हातात दिला. तिने तो जवळ धरला, लांब धरला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “मला काही दिसत नाही हो. तुम्ही सांगा.”

पंधरा वर्षं मी लोकांचे चेहरे कागदावर उतरवून देत होतो. तो चेहरा मला तोंडाने सांगावा लागला. कपाळ रुंद. दाढी आहे, थोडी पांढरी झालीय. डावी भुवई मध्ये तुटलेली. तिथं ती म्हणाली, “लहानपणी उंबऱ्यावर पडला होता,” आणि तिने पाटणकरांचा हात धरला. आम्हा तिघांनाही तेव्हा खात्री पटली.

“खाऊन-पिऊन बरा आहे?”

“बरा आहे. अंगाने मजबूत आहे.”

“हसला का?”

“हसला. कॅमेरा बघायला आला तेव्हा हसला.”

“मग गेला कशाला?”

पाटणकर दाराबाहेर गेले. मी तिला खरं सांगितलं. तिने तोंड भिंतीकडे केलं आणि माझ्यासाठी चहा करायला सुनेला सांगितलं.

पुढच्या माघात मी स्वतः नऊचं भिंग विकत घेऊन उळवीला गेलो, त्याच्या पुढच्याही. तो आला नाही. म्हातारी त्या दोन जत्रांच्या मधल्या पावसाळ्यातच गेली होती.

नवे फोटोग्राफर मला विचारतात, रस्त्यावरच्या फोटोला कुठलं भिंग घ्यावं. मी सांगतो, साडेतीनचं घ्या, फार सोयीचं आहे. फक्त गिऱ्हाइकाचा संशय आला तर तो भिंगावर काढू नका, त्याला तोंडावर विचारा. फार तर गिऱ्हाईक जाईल.