पारापुढच्या चपला

नव्या चपलांचा वास आला की मला सासरच्या गावातल्या पारापुढचा एक दिवस आठवतो. पारावर थोरली माणसं बसलेली असायची, म्हणून पुढून जाताना बायकांनी पदर डोक्यावर आणि चपला हातात घ्यायच्या, अशी तिथली रीत. त्या दिवशी पारावरच ग्रामसभा होती. कॉलेजला जाणाऱ्या पोरींसाठी गावात बस थांबवा, हे सभेत मागायला मी चार पोरींना तयार केलं होतं. "भ्यायचं न्हाई, मान वर ठेवायची," असं वाटभर मी त्यांना बजावत होते. पार दिसला आणि त्यातली धाकटी थबकली. "अक्का, चपला हातात घिऊन कामून चालायलाव?" मी बघितलं, तर खरंच. बोलण्याच्या नादात चपला कधी काढल्या, मलाच कळलं नव्हतं. पोरींच्या मात्र पायातच होत्या. "घाला की," ती हळूच म्हणाली. तापलेल्या फुफाट्यात मी चपला टाकल्या, पाय घातले. पारावरच्या माना आमच्याकडे वळल्या. तशी धाकटीनं माझा हात धरला आणि ती मला सभेत घेऊन गेली. आता बस पारासमोरच थांबते. उतरताना माझा हात अजून सवयीनं खाली जातो, पण चपलेचा पट्टा तेवढा घट्ट करून वर येतो.