वैशालीताईंची पहिली ओळ

ताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी पनवेल स्टँडसमोर रिक्षा शोधत होते. तळोज्याच्या कारखान्याच्या गेटवर त्याच माझी वाट बघणार होत्या... हृदयविकाराचा झटका. शोकसभेत ऑफिसातले सगळे म्हणाले, "वैशालीताई फार मनमिळाऊ होत्या." साफ खोटं! ताई भांडखोर होत्या आणि मला त्याचा अभिमान आहे.

कारखान्यांना त्यांचे आकडे एका नजरेत दिसतील असे डॅशबोर्ड बनवून देणं, हे आमचं काम. त्याआधी कुणाला नेमकं काय बघायचंय, हे विचारून लिहून आणायचं, ते ताईंचं, आणि त्यांच्या हाताखाली माझं. अशा मागण्यांची माझी पहिली यादी मी खारघरच्या ऑफिसात एसीत बसून, जुन्या अहवालातले रकाने उतरवून केली होती. ताईंनी ती वाचली. "हा आकडा बघून उद्या कोण काय वेगळं करणार?" मी म्हटलं, "जुन्या अहवालात होता म्हणून घेतला." "मग याचं काय लोणचं घालायचंय?" म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाळी बदलायच्या वेळी मला तळोज्याच्या त्या कारखान्यात घेऊन गेल्या. साहेबांच्या केबिनमध्ये नाही, थेट रसायनांच्या टाक्यांपाशी.

तिथे नामदेव म्हात्रे भेटले, अर्धं आयुष्य त्याच टाक्यांवर काढलेले. आधी बोलेनात. ताईंनी वही मिटली, त्यांच्याबरोबर चहा घेतला. मग म्हणाले, "म्याडम, माल किती झाला ते आमाला ठाव हाय. आदल्या पाळीला कुठल्या टाकीतून वास आला, ते कोन सांगत नाय. आमी तसंच आत जातो."

ताईंनी हीच मागणी यादीत पहिली लिहिली. कारखान्याचे मॅनेजर उखडले. "वासाबिसाचं कशाला? कुणी स्क्रीनचा फोटो काढून बाहेर दिला तर?" ताई म्हणाल्या, "मग वास येऊ देऊ नका." आणि ती ओळ यादीत तशीच ठेवली.

ताईंना जाऊन आता महिना झाला. गेल्या सोमवारी मॅनेजरनी मला बोलावलं. "त्या आता नाहीत. ती ओळ काढून टाका, विषय संपला." माझी नोकरी अजून कायम नाही. मी घाबरले, मान डोलावली... याची मला लाज वाटते. ऑफिसात येऊन ओळ काढायला ताईंची फाइल उघडली. प्रत्येक मागणीपुढे मागणाऱ्याचं नाव होतं आणि शेवटच्या रकान्यात ताईंनी लिहिलं होतं, 'काढायची असल्यास यांची सही.' पहिल्या ओळीपुढे नामदेव म्हात्रे.

मी ते पान छापलं आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजरच्या टेबलावर ठेवलं. "सर, यांची सही लागेल. पाळी बदलताना टाक्यांपाशी भेटतात. तुम्हीच जाऊन विचारा."

साहेब अजून तिथवर गेलेले नाहीत. ओळ आहे तिथेच आहे.