मामाजींचा फोटो भिंतीला टेकेना

आधीच सांगून टाकते, भूत-प्रेत, करणी, भानामती यातलं मी काही म्हणजे काहीच मानत नाही. शाळेत गणित शिकवते. कोणी 'अनुभव' सांगायला लागलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला, "तेव्हा लाईट होती का?" इथले सगळ्यांचे किस्से मी चवीने वाचते आणि मनातल्या मनात मार्क कापत जाते. आज माझाच पेपर तुमच्यापुढे ठेवतेय... कापा हवे तेवढे.

माझं सासर सौंसरचं. पांढुर्णा जिल्हा झाला, यांची बदली इकडे पांढुर्ण्याला झाली आणि आम्ही इथेच घर बांधलं. रेल्वे लाईन जवळ आहे, मालगाडी गेली की कपाटातल्या वाट्या किणकिणतात. घर तसं बेताचंच, पण हॉल ऐसपैस. आणि त्या हॉलची एक आख्खी भिंत मी आधीच स्वतःसाठी मागून घेतली होती.

कारण मला भिंती सजवायचा नाद आहे. नाद म्हणजे इतका की ओळखीतले लोक नवीन घर झालं की मला चहाला बोलावतात आणि हातात हातोडी देतात. माझे नियम पक्के आहेत. फ्रेम उंच टांगू नये, उभ्या माणसाच्या डोळ्यांसमोर तिचा मध्य यावा. आधी पेपरचे तुकडे फ्रेमच्या मापाने कापून भिंतीवर चिकटवून बघावेत आणि मगच ठोकाठोकी करावी, नाहीतर भिंतीची चाळण होते. जड फ्रेमला एक नाही, दोन खिळे. आणि खिळा नेहमी वरच्या बाजूला थोडा तिरपा ठोकावा, म्हणजे कडी त्यावरून मागे घसरते आणि फ्रेम भिंतीला चिकटून बसते. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा, सगळं घोडं तिथेच अडलंय.

मामाजी म्हणजे माझे सासरे, आमच्याकडे सासऱ्यांना तसंच म्हणतात. ते गेल्यावर त्यांचा फोटो सौंसरच्या घरी लावला होता, तो आमच्या भागातल्या पद्धतीने. म्हणजे दाराच्या वर, पार छताजवळ, मागून दोरी बांधून पुढे झुकवलेला. मला ते कधीच आवडलं नाही. फोटो बघायला मान मोडायची आणि त्याच्या मागे पाली राहायच्या!

सासूबाई, म्हणजे आई, त्या घरात एकट्याच राहत होत्या. मागच्या उन्हाळ्यात त्या न्हाणीत घसरून पडल्या. शेजारीण ताक द्यायला आली म्हणून कळलं, तोवर त्या तशाच ओल्या फरशीवर पडून होत्या. हाड वाचलं, पण उजवा खांदा आखडला. हात कानाच्या वर जात नाही, वेणीसुद्धा मीच घालून देते. आम्ही त्यांना इकडे घेऊन आलो. सोबत त्यांनी एक पेटी आणली आणि मामाजींचा फोटो.

मी तो फोटो हौसेने माझ्या भिंतीवर घेतला. जुनी दोरी काढली, मागे वरच्या कडेला दोन कड्या लावल्या, दोन तिरपे खिळे, चंदनाचा नवीन हार. एका बाजूला लग्नाचे फोटो, दुसऱ्या बाजूला संत्र्याच्या बगीच्याचं एक मोठं चित्र. भिंत अशी दिसत होती की विचारू नका. आई समोरच्या खिडकीखाली दिवाणावर बसून बघत होत्या. मी विचारलं, "कसं दिसते आई?"

"चांगलं आहे बाई," त्या म्हणाल्या.

आईंचा आवाज मुळातच बारीक. पण त्या दिवसापासून तो जवळजवळ बंदच झाला. सौंसरला त्या संध्याकाळी चहा घेऊन बसायच्या आणि फोटोशी काहीबाही बोलायच्या, ते आम्हाला माहीत होतं. इथे चहा गार व्हायचा आणि त्या नुसत्या बसून असायच्या. मला वाटलं, नवीन जागा आहे, रुळतील हळूहळू.

एक दिवस सकाळी झाडू मारताना बघते तर मामाजींचा फोटो पुढे झुकलेला. खालची कड भिंतीला टेकलेली, वरची कड दोन बोटं पुढे. मी मागे ढकलला. दुसऱ्या सकाळी पुन्हा तेच.

"अहो, मामाजींच्या फोटोले हात लावून राहिले का तुम्ही?"

"मी काहून लावू?" हे दाढी करता करता म्हणाले. "मालगाडीनं हलला असन."

मालगाडीने एकच फोटो कसा हलेल? बाकी सगळे फोटो जागच्या जागी होते, लेव्हल लावून बघितली, बुडबुडा अगदी मधोमध. मग मी स्टूलवर चढून कड्या बघितल्या आणि तिथे माझं डोकं चालेनासं झालं. दोन्ही कड्या खिळ्यांच्या टोपीपर्यंत पुढे आलेल्या होत्या. खिळे तिरपे होते हो, वरच्या बाजूला! कडी त्यावरून मागे घसरते, पुढे यायचं तर तिला चढ चढावा लागतो. काचेची जड फ्रेम स्वतःहून चढ चढते? मला भीती वाटली नाही, खरं सांगते. गणित सुटत नाही तेव्हा जी चीड येते ती आली, आणि उत्सुकता तर इतकी की शाळेतून आले की आधी भिंतीकडे धावायची.

मग मी प्रयोग सुरू केले. खिळे बदलले. झुकला. वरच्या कडेला मागून डबल टेप लावला. टेप अलगद सुटलेला, रंगाचा टवकासुद्धा निघाला नव्हता. त्याच खिळ्यांवर संत्र्याचं चित्र लावलं, ते मख्खासारखं सरळ. मामाजींना बाजूच्या भिंतीवर नेलं, तर तिथेही झुकले, पण कमी... जेमतेम अर्धं बोट. हे 'कमी' मला फार खटकलं. बिघाड असेल तर सगळीकडे सारखा असायला हवा ना? शेवटी त्यांना पुन्हा पहिल्या जागी आणलं.

एका सुटीला पाळत ठेवली. भिंतीलगत बाजूला खुर्ची टाकून वह्या तपासत बसले. काही नाही. कुकरची शिट्टी झाली म्हणून उठून आत गेले, गॅस बंद करून परत आले, तर झुकलेला! आई दिवाणावर डोळे मिटून बसल्या होत्या.

नंतर आम्ही तिघंही सौंसरला एका बारशाला गेलो, घराला कुलूप. मुक्काम करून परत आलो तर फोटो अगदी सरळ. आणि घरी झोपून उठलो की झुकलेला.

"मतलब आईच करून राहिली," यांनी निकाल लावला.

"त्यायचा हात कानाच्या वर जात नाही, अन् स्टूलवर काय चढतीन त्या?" मी म्हटलं. यावर यांनी पेपर उघडून तोंडासमोर धरला.

आईंना मात्र मी एका शब्दाने विचारलं नाही. नवऱ्याचा फोटो होता त्यांच्या. उगाच 'हे रागावले' असं काही मनात घेतील, ही भीती. म्हणून मी त्यांच्यादेखत गुपचूप फोटो सरळ करायची आणि कामाला लागायची. रोज.

आणि अशातच आई एका जेवणाला म्हणाल्या, "मले सौंसरले नेऊन दे बाप्पा. इथं मन नाही लागून राहिलं."

आम्ही समजावलं. हे चिडले. मी तर रडलेसुद्धा, कारण माझ्या डोळ्यांसमोर ती ओली फरशी होती. पुन्हा पडल्या आणि शेजारीण गावाला गेलेली असली तर? पण आई एकच वाक्य धरून बसल्या आणि त्यांचं जेवण निम्म्यावर आलं. शेवटी हे हरले. म्हणाले, "पोळा होऊ दे. दुसऱ्या दिवशी गोटमारीची जत्रा, तिचे पाहुणे गेले का सोडून देतो."

पोळ्याच्या आदल्या दुपारी मी त्यांची पेटी भरायला घेतली. आई मागच्या अंगणात वाती वळत होत्या. पातळांच्या घड्या घालायला मी दिवाणावर बसले, म्हणजे नेमकी त्यांच्या जागी. यापूर्वी तिथे मी कधी बसलेच नव्हते, मला घरात बसायला वेळ कुठे असतो? सहज मान वर केली आणि माझ्या भिंतीकडे बघितलं.

मामाजी नव्हते.

फ्रेम होती, हार होता, पण काचेत फक्त खिडकी. गज, आभाळाचा पांढरा तुकडा आणि रस्त्यावरची विजेची तार. मी डावीकडे सरकले, उजवीकडे सरकले, खिडकीच खिडकी. सकाळीच मी तो फोटो सरळ केला होता.

"अहो, इकडे या जरा! मामाजींची वरची कड पुढे घ्या. हळू... अजून थोडी..."

"हे काय चालू केलं तू?"

"बोलू नका. अजून... बस!"

काचेतली खिडकी वर सरकून नाहीशी झाली आणि मामाजी दिसले. टोपी, मिशा, सगळं. सरळ माझ्याकडे बघत होते. मी उठून अंतर बघितलं. दोन बोटं. कमी नाही, जास्त नाही. बाजूच्या भिंतीवर खिडकी काचेत कमी येते, तिथे अर्ध्या बोटात भागत होतं.

डोळ्यांसमोर फ्रेम असावी हा नियम मी साऱ्या गावाला सांगत फिरले. डोळे कोणाचे, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. घरात दिवसभर त्या भिंतीकडे बघणारं माणूस एकच होतं, आणि ते बसलेलं होतं.

आई कधी दारात येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. मी त्यांचा हात धरून विचारलं, "आई, तुम्ही काहून नाही सांगितलं, का इथून मामाजी दिसत नाही म्हणून?"

"तू एवढ्या हौसेनं लावलं व. नवं घर तुयं. मायासाठी टेढा लाव म्हणू का?"

मी पेटी तशीच उघडी टाकली, स्टूल घेतलं. जुनी दोरी मी फेकली होती, पण वाळत घालायची दोरी होती. फोटो दाराच्या वर, सौंसरसारखाच, पुढे झुकवून बांधला. आई दिवाणावर बसून सांगत होत्या, "अजून थोडा वाकव... हां, राहू दे." संध्याकाळी त्यांनी दोन पोळ्या खाल्ल्या आणि पेटीतली पातळं आपल्या हाताने परत कपाटात ठेवली, डाव्या हाताने, एकेक करून. ते बघून हे उठून गच्चीवर गेले, पाण्याची टाकी बघायला म्हणे.

गोटमारीचे पाहुणे आले. एक नणंद म्हणालीच, "वहिनी, तू तर एवढी शिकवतं साऱ्यायले, अन् हा फोटो एवढा वर?" मी म्हटलं, राहू द्या.

पाहुणे गेल्यावर एकदा आईंची वेणी घालताना न राहवून विचारलं, "आई, तो फोटो रोज आपोआप झुकत होता, तुम्हाले मालूम होतं?"

"मालूम नसन काय? तू सीधा करून जात होती, ते परत वाकत होते."

"तुम्हाले भेव नाही वाटलं?"

"भेव कायचं व? ऐकू कमी येत होतं त्यायले. मी बोलली का असेच वाकत होते जन्मभर." मग फणी माझ्याकडे मागे देत म्हणाल्या, "पण तू रोज मागं लोटत होती. मले पाहवत नव्हतं ते. म्हटलं, दोघंबी जातो सौंसरले."

माझ्या हातातली वेणी सुटली. पुन्हा पहिल्यापासून घालावी लागली.

आता फोटो झुकलेला आहे, त्याला कारण आहे, दोरी मी बांधली आणि गाठ मी मारली. त्याआधीच्या सकाळींना मात्र माझ्याकडे आजही उत्तर नाही. ते दोन खिळे तसेच आहेत, त्यांच्यावर संत्र्याचा बगीचा लावलाय, तो महिनोन्महिने हललेला नाही. मालगाड्या तर रोज जातात. कोणी भिंत सजवायला बोलावलं की मी हल्ली आधी विचारते, घरात बसून कोण असतं, आणि त्यांच्या जागी बसूनच खिळ्याची खूण करते.

संध्याकाळी आई चहा घेऊन दिवाणावर बसतात आणि बारीक आवाजात बोलत राहतात. मी आत पोळ्या लाटत असते. कितीही कान दिला तरी मला एक शब्द ऐकू येत नाही... मामाजींना तर ऐकूच कमी येत होतं. पण बोलणं काही मध्येच थांबत नाही. मार्क तुम्हीच द्या.